टेंगूळराव आणि सहा काळी बटणं

१

टेंगूळराव रविवारी सकाळी मेलेला सापडला आणि चहा निवायच्या आत माझ्या पोटच्या पोरांनी गुन्हेगार पकडलाही. गुन्हेगार मीच होते.

टेंगूळराव म्हणजे माझा मासा. जातीनं फ्लॉवरहॉर्न, रंगानं पिकलेल्या संत्र्यासारखा, आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ, कुणीतरी लाटणं हाणल्यासारखं. बोटाएवढा होता तेव्हा घरी आणला होता. गेल्या वर्षी शहरातल्या मत्स्यप्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून स्वारी जरा जास्तच माजली. मी दिसले की काचेशी यायचा, माझ्या बोटांतून दाणे खायचा, आणि दुसऱ्या कुणी पाण्यात बोट घातलं की कडकडून चावायचा. त्याचा हा स्वभाव मला फार आवडायचा.

जुनी टाकी त्याला अपुरी पडायला लागली होती, वळताना शेपटी काचेला घासायची. म्हणून शनिवारी सकाळी मी त्याला नव्या, मोठ्या टाकीत हलवलं. नवी जागा अंगवळणी पडावी म्हणून टाकीवर चादर टाकून अंधार केला. दुपारी खांद्याच्या व्यायामाला गेले. तिथून परतताना जिन्यात व्हायोलिनची पेटी घेतलेली मुलगी खाली उतरत होती, तिला वाट दिली. घरी आल्यावर कानातलं ऐकायचं यंत्र काढून ठेवलं, चादर उचलून त्याची झोपमोड करायची नाही असं ठरवलं आणि लवकर आडवी झाले. सकाळी चादर काढली तर तो पाण्यावर, कोपऱ्यात, आडवा. तोंड उघडं.

माझा जन्म इस्पितळात गेला. निवृत्त झाले तेव्हा मेट्रन होते. मेलेलं माणूस मला दारातून कळतं. मासाही कळला.

मी मुलाला आणि मुलीला फोन केला. दोघं आली. मुलगा त्याच्या वडिलांसारखा उंच, दाराच्या चौकटीतून मान वाकवून आत येतो. मुलगी माझ्यासारखी बुटकी. तिनं टाकीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आई, पाणी इतकं शांत कसं? बुडबुडे कुठायत?"

मुलानं टाकीमागच्या भिंतीकडे मान वर केली. पाणी उडू नये म्हणून इलेक्ट्रिशियननं शुक्रवारीच तिथं, चांगला उंचावर, नवा बोर्ड बसवून दिला होता. सहा काळी बटणं, सगळी एकसारखी. मुलानं तिसऱ्या बटणाला बोट लावलं.

"हे काय, पंपाचं बटण बंदच आहे," तो म्हणाला आणि त्यानं ते दाबलं. पंप घुरघुरायला लागला. मेलेला टेंगूळराव बुडबुड्यांवर हलला, आणि मला क्षणभर वाटलं की जागा झाला.

"तू पंप चालू करायलाच विसरलीस, आई," मुलगी हळूच म्हणाली.

"मी चालू केला होता. मला पक्कं आठवतंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे पाहणं मला चांगलं ठाऊक आहे. वॉर्डात नातेवाईक असंच पाहतात, पेशंटच्या डोक्यावरून.

आता यामागची गोष्ट सांगते. काही महिन्यांपूर्वी माझ्या हातून गॅसवर दूध करपलं. भांडं काळं झालं, बाकी काही नाही. पण तेव्हापासून दोघांनी माझ्यासाठी ज्येष्ठांचं एक निवासस्थान शोधून ठेवलं होतं. हिरवळ आहे, डॉक्टर आहेत, घंटा वाजली की जेवण. माणसांना घंटेवर जेवायला घालण्यात माझी उभी नोकरी गेली, आता मी घंटेवर जेवू? त्या दिवशी रागाच्या भरात बोलून गेले, "माझ्या हातून आणखी एक चूक झाली तर मी स्वतः बॅग भरेन." आणि मी दिलेला शब्द फिरवत नाही, हे दोन्ही पोरांना पाठ आहे.

"आई," मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "पुढच्या आठवड्यात एक खोली रिकामी होतेय."

"संध्याकाळपर्यंत थांब. चूक माझी निघाली तर बॅग भरते."

"आणि नाही निघाली तर?"

"तर कुणाची आहे ते सांगते."

मग मी टेंगूळरावाला जाळीनं उचललं, पिशवीत घातलं आणि फ्रीजरमध्ये ठेवलं.

"आई, मटारांच्या शेजारी?" मुलगी किंचाळायचीच बाकी होती.

"पुरावा आहे. मटारांना चालतंय."

२

मुलगा संध्याकाळी येतो म्हणून गेला. मुलगी माझ्यावर लक्ष ठेवायला थांबली, म्हणजे तोंडानं म्हणाली की स्वयंपाक करते.

मी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले. रडावंसं वाटत होतं, पण रडले नाही. त्या घरात त्या क्षणी माझं रडणंसुद्धा माझ्याविरुद्ध गेलं असतं: बघा, आई किती हळवी झालीय. म्हणून रडू गिळलं आणि डोकं चालवलं.

पोरांचं म्हणणं काय? मी सकाळी पंप चालूच केला नाही. ठीक. शनिवारी सकाळी टाकीत वाळू ओतली तेव्हा पाणी गढूळ, ताकासारखं झालं होतं. आज सकाळी चादर काढली तेव्हाच ते आरशासारखं स्वच्छ होतं. वाळूचा गाळ आपोआप खाली बसला असं कुणी म्हणेल. म्हणून मी पंपाच्या गाळणीतला स्पंज काढला. काल घातला तेव्हा कोरा, पांढराशुभ्र होता. आज तो तपकिरी, गाळानं जड झाला होता. पंप न चालता स्पंज मळत नाही. म्हणजे पंप चालला होता, आणि चांगला पुष्कळ वेळ चालला होता. पंप मीच चालू केला होता.

छातीवरचा अर्धा दगड उतरला.

उरलेला अर्धा असा, की मग तो बंद कुणी केला? पोरं म्हणणार, तूच केलास आणि विसरलीस. मी बोर्डाकडे पाहिलं. पंपाची पिन भिंतीतल्या बोर्डात नव्हतीच. वरून एक जोडवायर खाली आणली होती आणि पिन त्या खालच्या जोडबोर्डात होती, माझ्या कमरेच्या उंचीवर. काल मी पंप चालू केला तो तिथून. वरचं बटण इलेक्ट्रिशियननं एकदा चालू करून दिलं होतं आणि मी त्याला म्हटलं होतं, "आता याला देवानंसुद्धा हात लावायचा नाही."

खालचं बटण चालूच होतं. बंद सापडलं ते वरचं.

मी उठले आणि उजवा हात वर केला. खांद्यानं छातीच्या वर जायला नकार दिला, तो गेले कित्येक दिवस नकारच देतोय. मग डावा केला, टाकीवरून वाकले, चवड्यांवर उभी राहिले. बोटं बोर्डाच्या खाली राहिली. स्टुलावर चढायची मला पोरांनीच बंदी केलीय आणि स्टूल मुलगी आपल्या घरी घेऊन गेलीय.

जिथं माझा हातच पोचत नाही, ते बटण मी बंद कसं करणार?

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शनिवारी चादर टाकल्यावर मी तिला कपड्यांचे चिमटे लावले होते, पुढच्या काठाला. मागच्या काठापर्यंत हात जात नाही म्हणून तिकडे लावलेच नव्हते. आणि आज सकाळी चादर काढताना मागे अडकली होती. मी ओढून काढली, तेव्हा घाईत काही सुचलं नव्हतं. आता टाकीमागे वाकून पाहिलं. तीन चिमटे पडले होते, ओळीत, सारख्या अंतरावर.

माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, कुणीतरी ती चादर काढून पुन्हा घातली होती.

३

भिंतीपलीकडे व्हायोलिनचे मास्तर राहतात. एकटे असतात, अंगानं ताडमाड, कान अतिशय तिखट. माझ्या पंपाशी त्यांचं जुनं वैर. जुन्या टाकीच्या वेळी दार ठोठावून म्हणाले होते, "सिस्टर, तुमचा हा पंप माझ्या तारेपेक्षा एक केस खाली घुरघुरतो. एकतर त्याला चढवा, नाहीतर बंद करा." मी त्यांना व्हायोलिन उतरवायला सांगितलं होतं. त्यानंतर आमचं बोलणं जेमतेम.

कारण होतं, उंची होती. जावं लागलं.

"सिस्टर, मासा गेल्याचं कानावर आलं," दार उघडत ते म्हणाले. "वाईट झालं. पण मी काही तुमच्या घरात शिरून माशाचा गळा दाबला नाही."

"दाबला असं कोण म्हणतंय? माशाला गळाच नसतो. काल पंपाचा आवाज किती वाजेपर्यंत होता?"

"घड्याळ कोण बघतो? दुपारभर होता. पोरीची शिकवणी सुरू झाली तेव्हाही होता, तिला सूर सापडेना. मी म्हटलं, भिंतीकडे पाठ करून बस." त्यांनी बोटानं भिंत दाखवली. "आणि शिकवणीच्या मध्येच बंद झाला. एकदम. तिची तार कशी स्वच्छ बोलायला लागली. मी मनात म्हटलं, सिस्टरना सुबुद्धी झाली."

"पुन्हा सुरू झाला?"

"छे. रात्रभर शांत. कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो."

"आणि शिकवणी संपल्यावर ती पोरगी लगेच निघाली?"

"लगेच. का?"

व्हायोलिनची पेटी घेतलेली तीच मुलगी मला जिन्यात भेटली होती. ती शिकवणी संपवून उतरत होती आणि मी चढत होते. पंप बंद झाला तो शिकवणीच्या मध्ये. म्हणजे त्या वेळी मी व्यायामाच्या दवाखान्यात, दोरीला लटकवलेला हात वर-खाली करत बसले होते.

"मास्तर, तुमच्याकडे माझ्या घराची किल्ली आहे?"

"तुम्ही मला साखर देत नाही, किल्ली देणार?" ते म्हणाले.

खरं होतं. जास्तीच्या किल्ल्या दोनच होत्या, अडीअडचणीला असाव्यात म्हणून मीच हौसेनं करून दिलेल्या. एक मुलाकडे. दुसरी माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होती.

४

घरी न थांबता मी आधी माशांच्या दुकानात गेले. त्याआधी टेंगूळरावाला डब्यात घालून घ्यायला घरात शिरावं लागलं, तेव्हा मुलीनं विचारलं, "डबा कुणासाठी?" मी म्हटलं, "दुकानदारासाठी." तिच्या चेहऱ्यावर त्या निवासस्थानाची हिरवळ दिसायला लागली होती.

एका गोष्टीचा मला संशय होता. कितीही झालं तरी पंप एका रात्रीसाठी बंद पडला म्हणून एवढा धट्टाकट्टा मासा मरतो का? जुन्या टाकीत दोनदा वीज गेली होती, सकाळपर्यंत आली नव्हती. पठ्ठ्या जिवंत होता, नुसता चिडला होता.

दुकानदार गृहस्थ जाड भिंगांचा, माशांशी बोलणारा आणि माणसांवर खेकसणारा. डबा बघितल्याबरोबर म्हणाला, "टाकी माझी असली म्हणून दोष माझा नाही हं. मी काच धुऊन, सुकवून दिलीय."

"दोष द्यायला नाही आले. बघा आणि सांगा."

त्यानं चिमट्यानं टेंगूळरावाचा कल्ला उचलला. त्याचा आवाज एकदम उतरला. प्रदर्शनात त्यानंच मला फॉर्म आणून दिला होता.

"कल्ले सताड उघडे. तोंड उघडं. गुदमरलाय हो, मॅडम. पाण्यात श्वास मिळाला नाही."

"पंप रात्रभर बंद होता."

"एवढ्यानं नाही मरणार. मोठी टाकी, एकटा मासा." त्यानं भिंगांवरून पाहिलं. "नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध मी दिलं होतं. किती घातलंत?"

"एक टोपण. तुम्ही सांगितलं तेवढंच."

"नक्की?"

त्या दिवशी माझ्या आठवणीवर शंका घेणारा तो तिसरा माणूस होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चष्मा पुसायला काढला.

"बरं बरं. एक टोपण तर एक टोपण. पण ते औषध आधी क्लोरीन खातं, आणि जास्तीचं पडलं तर पाण्यातला प्राणवायूही खातं. वर पंप चालू असेल तर बुडबुडे ती तूट भरून काढतात. जास्तीचं औषध आणि पंप बंद, दोन्ही एकदम झालं तर मग मात्र..." त्यानं डब्याचं झाकण अदबीनं लावलं.

मी जवळजवळ धावत घरी आले. डबा फ्रीजरमध्ये परत ठेवला आणि पाण्याला नाक लावलं. मंद, कुजकट, गंधकासारखा वास. कालच्या एका टोपणाला एवढा वास नव्हता. फडताळातली बाटली काढली. शनिवारी सकाळी मी तिचं बूच फोडलं होतं, एकदाच वापरली होती. उरलेलं औषध टोपणानं मोजून पेल्यात ओतलं आणि बाटलीवर लिहिलेल्या मापातून वजा केलं.

एक टोपण जायला हवं होतं. तीन गेली होती.

५

वॉर्डात अशी गोष्ट मी एकदा नाही, अनेकदा पाहिलीय. पेशंट एक, औषध एक, सिस्टर दोन. पहिली देते आणि बोलत नाही. दुसरी येते, तिला वाटतं राहून गेलं, तीही देते. दोघी मायेनं देतात आणि पेशंट डोळे पांढरे करतो. म्हणून माझ्या वॉर्डात नियम होता: औषध दिलंस की तोंडानं सांग, आणि दिलं की नाही असं वाटलं तर आधी विचार, मग बाटलीला हात लाव. म्हणतात ना, सात सुगरणी आणि भाजी अळणी. औषधाच्या बाबतीत उलटं होतं, भाजी खारट होते.

मुलगी पोळपाट धूत होती. मी तिच्याजवळ जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले.

"काल दुपारी किती वाजता आलीस?"

तिचा हात नळाखाली थांबला. "कुठे?"

"इथं. चादरीला मागून चिमटे लावलेस ना. ओळीत, सारख्या अंतरावर. तुझ्या शाळेच्या गणवेशाला मी तशाच पिना लावायची."

ती खोटं बोलू शकत नाही. लहानपणी बोलायची तेव्हा कान लाल व्हायचे, अजून होतात.

"आई, मी फक्त बघायला आले होते. तू व्यायामाला गेल्यावर. दादा आणि मी ठरवलं होतं की तुला न दुखवता अधूनमधून लक्ष ठेवायचं. चादर बाजूला केली, मासा छान होता, पंप चालू होता. देवाशपथ, मी पंपाला हात लावला नाही."

"तुझा हात पोचतच नाही तिथं, माझ्यासारखाच. पंपाचं नाही विचारत. औषधाचं विचारतेय."

ती ओट्याशीच खाली बसली.

"बाटलीचं टोपण कोरडं होतं," ती म्हणाली. "फडक्यावर उपडं, चकचकीत. मला वाटलं, तू औषध घालायचं विसरलीस. नळाच्या पाण्यात मासा मरेल म्हणून एक टोपण घातलं. मला वाटलं, मी त्याला वाचवलं."

"टोपण कोरडं होतं कारण मी ते धुऊन, पुसून ठेवलं होतं. आयुष्यात कधी औषधाचं माप खरकटं ठेवलंय मी?"

"मीही धुऊन ठेवलं," ती पुटपुटली. "तूच शिकवलंस ना."

"धुवायला शिकवलं. लपवायला नाही शिकवलं."

ती रडायला लागली आणि मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू. पण दया करत बसायला वेळ नव्हता. तिचं एक टोपण, माझं एक टोपण. तिसऱ्याचा हिशेब अजून लागायचा होता. तिच्यामागून आलेल्या कुणीतरी टोपण पुन्हा कोरडंच पाहिलं होतं. आणि तो माणूस उंच होता.

दारात किल्ली फिरली. बेल न वाजवता मुलगा आत आला.

६

मी दोघांना टाकीसमोर बसवलं. मधे चहा ठेवला. मुलानं बहिणीचे डोळे पाहिले आणि जरा सावध झाला.

"आई, ताणू नकोस," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "कुणी तुला दोष देत नाहीये. वय झालं की होतं असं. बटण राहून जातं."

"कुठलं बटण राहून गेलं?"

"पंपाचं."

"दाखव."

तो उठला, त्यानं हात लांबवला आणि न चाचपडता तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं, सकाळसारखंच.

"सहाही बटणं सारखी आहेत," मी म्हणाले. "कशावर काही लिहिलेलं नाही. पंपाची पिन त्या बोर्डात नाहीच, वायर खाली आलीय. हा बोर्ड शुक्रवारी बसला आणि गेल्या रविवारनंतर मी तुला आज सकाळीच पहिल्यांदा इथं पाहिलं. मग आज सकाळी आल्या आल्या तुला कसं कळलं, सहांतलं पंपाचं कुठलं?"

त्याचा हात भिंतीवरच राहिला. मुलगी त्याच्याकडे बघत होती.

"मला ते बटण अजून पाठ नाही," मी पुढे म्हणाले. "तुला पाठ आहे, कारण काल तू सगळी दाबून पाहिली असणार. एक दाबलं तर दिवा, एक दाबलं तर पंखा, तिसऱ्याला पंप थांबला."

तो खुर्चीत बसला. खोटं बोलायचा त्यानं प्रयत्न केला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं म्हणेन.

"ऑफिसमधून आलो होतो," तो म्हणाला. "पाहिलं तर टोपण कोरडं. म्हटलं, आई विसरली. एक टोपण घातलं आणि धुऊन ठेवलं. तेवढ्यात फोन आला. पंपाच्या घुरघुरीत काही ऐकू येईना, म्हणून जरा वेळ बंद केला आणि बाल्कनीत गेलो. पण मी जाताना पुन्हा चालू केला होता, आई. मला पक्कं आठवतंय."

मी कप खाली ठेवला.

"पक्कं?" मी विचारलं.

"पक्कं."

"मलाही सकाळी पक्कं आठवत होतं."

त्यानं मान खाली घातली. मी त्याला सगळं सांगितलं, एकेक करून: मळलेला स्पंज, माझा न पोचणारा हात, खालचं चालू असलेलं बटण, शिकवणीच्या मध्ये थांबलेली घुरघुर, मास्तरांची गाढ झोप, जिन्यातली मुलगी. बाल्कनीतून तो तसाच बोलत बोलत दाराबाहेर पडला असणार. त्याची ही खोड लहानपणापासूनची आहे, फोन नव्हते तेव्हा तो गोष्टीचं पुस्तक वाचत वाचत घराबाहेर पडायचा.

"कुणाचा होता एवढा महत्त्वाचा फोन?" मुलीनं विचारलं.

तो गप्प. मी त्याला गप्प बसू दिलं. वॉर्डात मी हेच करायची, माणसं शांततेला घाबरून खरं बोलतात.

"निवासस्थानातून," तो शेवटी म्हणाला. "आईची खोली पक्की करायला."

आता सांगते, मला राग आला. कपबशी फोडावी असा. माझी बुद्धी चळलीय असं ठरवून मला हलवायच्या गोष्टी चालाव्यात म्हणून माझ्याच घरातला पंप बंद झाला, त्यात माझा मासा गुदमरला, आणि त्या गुदमरण्याचा पुरावा करून मला बॅग भरायला सांगितलं गेलं. याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर चोरानं मनापासून केलेल्या.

"विसरलं कोण?" मी विचारलं.

"मी."

"मग तुझ्यासाठी बघायची का ती खोली? हिरवळ आहे म्हणतात. घंटा वाजली की जेवण."

मुलीला हसू फुटलं आणि तिनं ते पदराआड दाबलं. मुलगा हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, आणि पंचेचाळिशीच्या माणसाचे भरलेले डोळे बघायला आईला आवडत नाही, तरी मी नजर हटवली नाही.

"तुम्ही दोघं माझ्यावर जीव टाकता, ते मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "म्हणूनच तर दोघांनी टोपणं ओतली. पण दोघांपैकी एकानं मला फोन करून विचारलं असतं, आई, औषध घातलंस का? एवढंच. मी हो म्हटलं असतं. तुम्ही चादरीखाली बघितलंत, टोपण बघितलंत, बाटली बघितलीत. मला सोडून घरातल्या सगळ्या वस्तूंना विचारलंत."

मी चहाचे कप बाजूला सरकवले.

"किल्ल्या ठेवा इथं," मी म्हणाले. "भांडण नाही. बेल वाजवायची, मी दार उघडेन. मी पडले-झडले तर मास्तर आहेत, त्यांना भिंतीपलीकडून माझा श्वाससुद्धा ऐकू येतो. त्यांना देईन एक किल्ली, वर साखरही देईन."

दोन किल्ल्या चहाच्या कपांशेजारी आल्या.

मुलानं खिशातून फोन काढला. मी सांगितलं नव्हतं, त्याचा त्यानंच काढला. पलीकडून कुणीतरी उचलला.

"खोलीचं बोलायचं होतं," तो म्हणाला. "माझ्या आईसाठी घेतली होती ती. नको आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कारण? कारण म्हणजे, तिची तब्येत..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होते. "नाही, तब्येत उत्तम आहे. आई नाही म्हणते, हे कारण." पुन्हा पलीकडून काहीतरी आलं. तो म्हणाला, "हो, एवढंच. तेवढं पुरेसं आहे."

त्यानं फोन ठेवला.

मी उठले आणि फ्रीजरमधून डबा काढला. टेंगूळराव थंडगार, कडक झाला होता, रंग उतरला होता. पण टेंगूळ तसंच, मस्तवाल. बोटाएवढा होता तेव्हापासून रोज सकाळी त्यानं माझ्या हातून दाणे खाल्ले होते, आणि मी त्याला मोठं घर दिलं तर त्यात तो एक दिवससुद्धा राहिला नाही. दिवसभर अडवून धरलेलं रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. मुलगी उठायला लागली, तिला मी हातानंच खाली बसवलं.

"बस तिथंच," मी म्हणाले. "बरी आहे मी. माझा मासा गेलाय, म्हणून रडतेय."

आणि दोघं बसून राहिली, मला रडू दिलं.